क्रॉस स्टिचची फ्रेम करताय? आधी आतलं ठरवा, पट्टी शेवटी

क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीच्या टाक्यांचं भरतकाम, पूर्ण झालं की डोक्यात पहिला विचार येतो तो फ्रेमच्या बाहेरच्या पट्टीचा. सोनेरी घ्यायची का काळी, जाड का बारीक. दुकानात गेल्यावर फ्रेमवाले पण भिंतीवर टांगलेले पट्ट्यांचे कोपरे काढून काउंटरवर टाकतात आणि आपण तिथंच अडकतो. माझं म्हणणं असं की पट्टी ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. कापड कशावर ताणलंय, काच कापडापासून किती लांब आहे आणि फ्रेम मागून कशी बंद केलीय, या तीन गोष्टींवर ठरतं की तुमचं काम नातवंडं बघणार का दोन-तीन पावसाळ्यातच त्याच्यावर करडे ठिपके पडणार. पट्टी नाही आवडली तर बदलता येते हो, कापडात मुरलेला फेव्हिकॉल निघत नाही.

सांगलीत गणपती पेठ, हरभट रोडच्या बाजूला बाजारात जा नाहीतर मिरजेत जा, फ्रेमवाल्यांचं रोजचं काम म्हणजे देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, आजोबांचा फोटो, सत्काराची प्रमाणपत्रं. म्हणजे सगळा कागद. त्यांचा हात त्यावर बसलेला असतो आणि ते काम ते छानच करतात. पण कापड कागदासारखं वागत नाही, ते ताणलं जातं, तिरकं होतं, त्याला जाडी असते आणि हवेतला दमटपणा ते ओढून घेतं. त्यामुळं कापडाशी संबंधित जेवढं काम आहे तेवढं घरी स्वतः करायचं आणि लाकूड-काचेचं काम त्यांच्यावर सोडायचं, ही वाटणी मला सगळ्यात पटते. तुम्ही नुसतं सुटं कापड घडी करून दुकानात दिलंत आणि घरी आलात तर मागं काय होतं, तर हार्डबोर्डवर फेव्हिकॉल फिरवला जातो, कापड त्याच्यावर चिकटवलं जातं आणि बाजूचं जास्तीचं कापड कटरने सपकन उडवलं जातं. आपण विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्याला काय होतंय ओ ताई, सगळे असंच करत्यात."

तर सुरुवात धुण्यापासून. काम कितीही स्वच्छ दिसलं तरी धुवायचंच, कारण महिनोन् महिने हाताळलेल्या कापडात हाताचं तेल आणि घाम मुरलेला असतो, तो आत्ता दिसत नाही, काही वर्षांनी काचेमागं पिवळा होऊन वर येतो आणि तेव्हा सगळी फ्रेम उघडायला लागते. अँकर, डीएमसी या कंपन्यांचे धागे सहसा रंग सोडत नाहीत, तरी लाल, मरून, काळा असेल तर ओला पांढरा कापूस मागच्या बाजूने दाबून बघा. कापसाला रंग लागला तर गार पाण्यातच धुवा, आणि रंग उतरायला लागला तर मध्येच वाळू द्यायचं नाही, पाणी नितळ होईपर्यंत गार पाणी बदलत राहायचं. रंग पक्का असेल तर कोमट पाणी, सौम्य लिक्विड साबण, हलक्या हाताने बुडवून काढायचं, घासायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं प्यायच्या फिल्टरच्या पाण्यात करा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि किंचित ओलसर असतानाच जाड टॉवेलवर उलटं टाकून मागून इस्त्री, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. मेटॅलिक धागा असेल तर इस्त्री कमी गरम आणि वरून एक कापड. आणखी एक, पाण्याने जाणाऱ्या पेनने चौकटी आखल्या असतील तर त्या गार पाण्यात पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावू नका, उष्णतेने ती शाई कायमची बसू शकते.

आता माप. ऐडा म्हणजे क्रॉस स्टिचचं सारख्या भोकांचं कापड. ऐडाचं १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ टाके, त्यामुळं डिझाइन १६८ बाय २२४ टाक्यांचं असेल तर ते १२ बाय १६ इंच भरतं, तेच १६ काउंटवर साडेदहा बाय १४ होतं. मॅटीच्या कापडावर केलं असेल तर हिशोबाच्या नादी न लागता टेप लावून मोजा. हेच १२ बाय १६ चं उदाहरण पुढं धरते. डिझाइनच्या चारी बाजूंना किमान ३ इंच कापड राखायला पाहिजे, हे खरं तर कापड घेतानाच ठरवायचं. कमी उरलं असेल तर कडेला साधं सुती कापड जोडून घ्या, काचेखाली जाड कागदाची चौकट येते ती, म्हणजे माउंट, त्याच्या आड ते दिसणार नाही, पण कापड कमी आहे म्हणून चिकटवायचं असं करू नका.

कापड ताणायला बोर्ड लागतो. आपल्याकडे चटकन मिळतो तो सनबोर्ड, बॅनरवाल्यांकडे असतो तो, पण तो पीव्हीसीचा असतो आणि वर्षानुवर्षं कापडाला चिकटून ठेवायला तो चांगला नाही. ॲसिड-फ्री, म्हणजे ज्यात आम्ल नाही असा, फोमबोर्ड किंवा माउंट बोर्ड मागा, प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, ऑनलाइन किंवा पुण्याहून मागवायला लागला तरी मागवा, एका कामाला लागतो केवढासा. अगदीच नाही मिळाला तर जो बोर्ड असेल त्याच्यावर मांजरपाटाचं एक आवरण घाला, पण मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ पूर्ण काढा कारण खळ असली की कसर लागते. हे आवरण घातल्याचा दुसरा फायदा असा की मागच्या गाठी, धाग्यांचे जाडसर भाग त्याच्यात बसतात आणि पुढून उंचवटे दिसत नाहीत.

आपल्या १२ बाय १६ ला बोर्ड १४ बाय १८ इंचाचा कापायचा. म्हणजे डिझाइनच्या बाजूला पुढून १ इंच कापड दिसतं आणि २ इंच मागं दुमडायला राहतं. काम बोर्डवर ठेवा, चारी बाजूंचे मध्य आधी जुळवा, आणि टाचण्या बोर्डच्या जाडीत, म्हणजे कडेत टोचायच्या. पहिली टाचणी मध्यावर, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग मध्यापासून कोपऱ्याकडं एकेक. इथं घाई करू नका. ऐडाची भोकांची एक ओळ नजरेत धरा आणि ती ओळ बोर्डच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येतेय का बघा, जिथं ती कडेवरून खाली उतरते तिथं कापड तिरकं झालंय, टाचणी काढा आणि परत लावा. या एका गोष्टीवर अख्खी फ्रेम सरळ दिसणार का वाकडी हे ठरतं, कारण माउंट कितीही काटकोनात कापला तरी त्याच्या शेजारी भोकांची तिरकी ओळ लगेच डोळ्यात भरते. चारी बाजू बसल्या की उलटं करून मागून दोरा ओवायचा, गोधडीला वापरतो तो जाड सुती दोरा उत्तम. दोरा रिळापासून तोडायचाच नाही, सुईत ओवून या कडेपासून त्या कडेपर्यंत इंच-इंचावर आडवे टाके घालत जायचं, शेवटी पोचलं की एकेक ओळ ओढत परत मागं यायचं आणि ताण सारखा झाला की मगच दोरा तोडून गाठ. तसंच दुसऱ्या दिशेने. कोपरे पाकिटासारखे दुमडून दोन टाके. सगळं झालं की टाचण्या काढून टाका, ठेवल्या तर पावसाळ्यात गंजतात आणि गंजाचा डाग पुढच्या बाजूला येतो. डबल टेप, गम, स्टेपलर यातलं काहीही लागत नाही, आणि पुढं कधी फ्रेम बदलायची झाली तर दोरा कापला की काम जसंच्या तसं सुटं.

एवढं झालं की आता दुकानात जायचं. ताणलेला बोर्ड स्वच्छ चादरीत गुंडाळून न्या आणि तिथं पहिला विषय माउंटचा काढा. माउंट म्हणजे ती जाड कागदाची आतली चौकट, तिचं काम नुसतं शोभेचं नाही, ती काच कापडापासून लांब ठेवते. एक माउंट दीड मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळं दोन माउंट एकावर एक घ्या, आतल्याची पाव इंचाची कड दिसू दे, छान दिसतं आणि ३ मिलिमीटर अंतर पण मिळतं. मणी लावले असतील, फ्रेंच नॉट म्हणजे गाठीचे उंच टाके असतील तर तेवढ्याने भागत नाही, काचेखाली कडेने पट्ट्या घालून अंतर वाढवायला सांगा, नाहीतर सरळ बॉक्स फ्रेम, म्हणजे पेटीसारखी खोल फ्रेम करा. माउंटचं भोक १३ बाय १७ ठेवायचं, म्हणजे डिझाइनच्या बाजूला अर्धा इंच कापड दिसतं आणि माउंट बोर्डवर अर्धा इंच चढतो. डिझाइनला अगदी खेटून भोक करू नका, काम गुदमरल्यासारखं दिसतं. आणि बोर्डच्या बाहेर, माउंटच्या मागं जी पोकळी राहते तिथं तेवढ्याच जाडीच्या बोर्डच्या पट्ट्या घालायला सांगा, नाहीतर माउंट हळूहळू मागं वाकतो. माउंट स्वस्तातला असेल तर त्याची आतली तिरकी कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते, जुन्या फ्रेम बघा कुणाच्याही घरी, ती कड लगेच दिसेल. तोच रंग शेजारच्या कापडात उतरतो. म्हणून इथं पण ॲसिड-फ्रीच.

रंगाचं सांगायचं तर माउंटच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतो पांढरा. ऐडा पांढरा असेल आणि माउंट क्रीम घेतला तर ऐडा निळसर, थंड दिसायला लागतो. उलट ऐडा क्रीम असेल आणि माउंट शुभ्र घेतला तर कापड मळकट दिसतं, धुऊन आणलंय हे सांगून पण खरं वाटत नाही. दोन्ही पांढरे जुळत नसतील तर पांढऱ्याच्या वाटेलाच जाऊ नका, डिझाइनमधलाच एखादा मागं राहणारा रंग घ्या. मोराच्या कामात सगळ्यांचा हात आपोआप मोरपंखी निळ्याकडं जातो आणि मग मोर माउंटमध्ये विरघळतो, त्यापेक्षा पायथ्याच्या गवताचा मवाळ हिरवा किंवा मातकट करडा ठेवा, मोर पुढं येतो. आणि रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. फ्रेमवाल्या मामांना सांगून माउंटचा तुकडा आणि काम दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात या, कुणी काही म्हणत नाही.

काचेवर मतं खूप आहेत. बऱ्याच जणी म्हणतात काच नकोच, टाके हाताला लागायला पाहिजेत, दिसायला पाहिजेत. मला ते कळतं, काचेशिवाय काम खरंच जिवंत दिसतं. पण धूळ, उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकटपणा हे सगळं टाक्यात जाऊन बसतं आणि फ्रेममधलं काम धुता येत नाही, म्हणून माझं मत काच लावायचीच. कुठली? दुकानात नॉन-ग्लेअर काच पुढं करतील, तिला चकाकी नसते हे खरं, पण तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत केलेला असतो, ती चित्राला चिकटून असली तरच चित्र साफ दिसतं, जरा लांब गेली की सगळं धुरकट. आणि कापडाला तर काच लांबच पाहिजे! म्हणून क्रॉस स्टिचला ती घेऊ नका. साधी २ मिलिमीटरची चांगली काच घ्या आणि फ्रेम खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, चकाकीचा अर्धा प्रश्न तिथंच संपतो. म्युझियम ग्लास म्हणून येते ती चकाकत पण नाही आणि अतिनील किरण पण अडवते, महाग असते आणि मागवावी लागते, वर्षभर खपून केलेलं मोठं काम असेल तर विचार करा. काच चिकटून बसली तर काय होतं ते पण सांगते, पावसाळ्यात काचेच्या आतून ओल धरते, ती टाक्यांत जाते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

वजनाचा हिशोब बघा. आपला माउंट चारी बाजूंनी अडीच इंच धरला तर फ्रेमचं आतलं माप १८ बाय २२ इंच होतं. एवढी २ मिलिमीटरची काच साधारण सव्वा किलो भरते, वर पट्टी आणि बोर्ड. ॲक्रेलिक निम्म्याहून हलकं आणि पडलं तरी फुटत नाही, पाळण्याच्या खोलीत ते चांगलं, पण त्याच्यावर ओरखडे पटकन पडतात आणि कोरड्या फडक्याने पुसलं की धूळ आणखी ओढतं.

आता पट्टी, आणि तिच्यात पण रंगाच्या आधी खोली बघायची. पट्टी उलटी करून आतली खाच मोजा. आपली थप्पी किती होते? काच २, दोन माउंट ३, कापडासकट बोर्ड ६ आणि मागची पाठ ३, असे १४ मिलिमीटर. खाच १० ची असेल तर पाठ बाहेर डोकावणार, खिळे वाकवून ती कशीबशी धरली जाणार आणि सगळा दाब येणार काचेवर. दुकानातल्या पुष्कळ पट्ट्या कागदाच्या फोटोच्या मापाने केलेल्या असतात, त्यामुळं खोल खाचेच्या तेवढ्याच पुढं ठेवायला सांगा, निवड आपोआप सोपी होते. फायबरची पट्टी दमटपणाला आणि वाळवीला दाद देत नाही, स्वस्त असते, पण मोठ्या फ्रेमला बारीक फायबर पट्टी घेतली तर मध्ये पोट सुटतं. सागवानी पट्टीला तोड नाही, फक्त आतली लाकडाची कच्ची कड माउंटला लागते तिथं फॉइल टेप लावून घ्या. दिसण्याचं म्हणाल तर पट्टीची रुंदी आणि माउंटची रुंदी सारखी ठेवू नका, पट्टे-पट्टे दिसतात, माउंट अडीच इंच तर पट्टी एक-दीड इंच. विठ्ठल, राधाकृष्ण असं काही असेल तर जुन्या सोन्यासारखी मंद सोनेरी चांगली, चकचकीत सोनेरी धाग्यांचे रंग खाऊन टाकते. फुलं, पक्षी, निसर्ग याला लाकडी रंग. अक्षरं, आधुनिक नक्षी असेल तर बारीक काळी.

भाव पट्टीच्या फुटावर असतो, म्हणून आधीच मोजून जा. १८ बाय २२ ची चौकट म्हणजे ८० इंच, आणि तिरक्या कापात जी वाया जाते ती पट्टीच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे दीड इंची पट्टीला आणखी १२ इंच. एकूण ९२ इंच, पावणेआठ फुटाच्या जरा अलीकडं. एवढं सांगता आलं की बोलणी नीट होतात. आणि तयार साइझमध्ये बसतंय का ते पण विचारा, १६ बाय २०, २० बाय २४ अशा तयार फ्रेम स्वस्त पडतात, माउंटची रुंदी थोडी कमी-जास्त करून त्यात बसवता येतं, फक्त बसवायचं म्हणून काम कापू द्यायचं नाही.

ऑर्डर देताना कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं कारागिरापर्यंत पोचत नाही. बोर्डवरून कापड काढायचं नाही, कुठंही फेव्हिकॉल किंवा टेप कापडाला लावायचा नाही, काच कापडाला टेकता कामा नये, आणि बंद करायच्या आधी मला बोलवा. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण काचेच्या आत एखादा केस, धाग्याचा तुकडा राहतोच आणि तो बंद झाल्यावरच दिसतो. लग्नसराई आणि दिवाळीच्या तोंडावर देऊ नका, घाईत सगळं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पण शक्यतो नको, दमट कापड आत बंद झालं की तो दमटपणा आतच राहतो, थांबता येत असेल तर दिवाळीनंतर कोरड्या हवेत बंद करा. थांबता येत नसेल तर बोर्ड दोन दिवस पंख्याखाली ठेवून मग न्या.

मागची पाठ एमडीएफची असली तर बोर्ड आणि पाठीमध्ये ॲसिड-फ्री कागद घाला आणि बाहेरून कडेची फट ब्राऊन पेपर टेपने बंद करून घ्या, कसर आणि पालीची पिल्लं तिथूनच आत जातात. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा म्हणजे फ्रेम आणि भिंत यात हवा खेळते. आई-आत्यांच्या वेळच्या मॅटीवरच्या मोर-राजहंसाच्या फ्रेम घरात असतील तर त्या पण एकदा मागून उघडून बघा, आत जुनं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा निघेल आणि त्याच्यामुळंच कापड तांबूस झालेलं असेल, पुठ्ठा बदलला तरी पुढचं नुकसान थांबतं.

आणि आपल्या गावात पुराचा विचार केल्याशिवाय भिंत ठरवू नका. २००५, २०१९, २०२१, कृष्णा कुठपर्यंत येते ते गावभागातल्या, कर्नाळ रोडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पुराच्या पट्ट्यात घर असेल तर चांगलं काम वरच्या मजल्यावरच, आणि निघायची वेळ आली तर चटकन काढता येईल अशा हुकवर. फ्रेममध्ये पाणी गेलंच तर काच तशीच ठेवून उन्हात वाळवत बसू नका, ओलं आहे तोवरच पाठ उघडा, काम बोर्डसकट बाहेर काढा, दोरा कापून कापड सुटं करा आणि स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत आडवं वाळवा. चिखल कापडात वाळला की निघत नाही, आणि काचेला चिकटून वाळलेलं कापड ओढलं तर टाके उचकटून येतात. बाकी घरात, बाथरूमला लागून असलेली भिंत नको, दुपारचं पश्चिमेचं ऊन येतं ती नको, समईच्या वर तर नकोच. एवढ्या वजनाला भिंतीत नुसता खिळा ठोकू नका, गिट्टी घालून स्क्रू, आणि फ्रेमला मागं दोन कडी आणि तार.

फ्रेम घ्यायला जाल तेव्हा चारी कोपऱ्यांवर नख फिरवून बघा, फट लागली तर तिथंच परत करा. बाजूने तिरपं बघून काच कापडाला कुठं टेकत नाही ना ते बघा. आणि पट्टीचा नंबर लिहून घ्या, उरलेला तुकडा पण मागून घ्या, जोडीचं दुसरं काम वर्षभराने झालं तर तीच पट्टी दाखवून मागता येते.